आधी सरळ, मग वाकडा : एसीएलच्या ऑपरेशननंतरचं वर्ष

ऑपरेशननंतर भेटायला आलेला प्रत्येक जण मला एकच गोष्ट विचारायचा, “वाकतो का आता गुडघा?” काकांनी विचारलं, सोसायटीच्या वॉचमननं विचारलं, साहेबांनी फोनवर विचारलं. “सरळ होतो का?” असं आमच्या फिजिओबाई सोडून कुणीही विचारलं नाही. गोम नेमकी तिथं आहे. वाकवणं उशिरा का होईना, बहुतेकांना जमतं. सरळ करणं पहिल्या काही आठवड्यांत राहून गेलं, तर माणूस वर्षभर लंगडत राहतो.

एमआरआयच्या रिपोर्टवर ‘एसीएल – कम्प्लीट टेअर’, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं एक लिगामेंट पूर्ण तुटलंय, असं वाचून ज्यांच्या पोटात गोळा आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. या रस्त्यानं जाऊन आलेला माणूस आहे, आणि वर्षभर फिजिओच्या खोलीत बसून इतरांचे गुडघेही पाहिलेत. तुमच्या सर्जननं काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका. विशेषतः गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, शिवली असेल, तर खालचे बरेच आकडे तुमच्यासाठी बदलतात.

तो आवाज

रविवारी रात्री टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळत होतो. चेंडू अडवायला वळलो, अंग फिरलं, बूट मात्र गवतात रुतलेला राहिला. कुणाचा धक्का नाही, कुणी पाय घातला नाही. उसाचं कांडं मोडावं तसा ‘कट्’ आवाज आला. एसीएलच्या बहुतेक दुखापती अशाच, कुणी हातही न लावता होतात. धावता धावता थांबणं, उडी मारून एका पायावर पडणं, झटकन दिशा बदलणं. खो-खोत खांबाला वळसा घालताना, कबड्डीत चढाई करताना, नाहीतर पावसाळ्यात घसरलेली गाडी पायानं सावरताना.

एक्स-रे काढला, हाडं शाबूत. “मुका मार आहे, शेक घ्या,” असं मला पहिल्या ठिकाणी सांगितलं गेलं. मीही खूश. आठ-दहा दिवसांत सूज उतरली, चालायला लागलो. सात आठवड्यांनी बसमधून उतरताना गुडघा अचानक आतल्या आत सटकला आणि मी फूटपाथवर बसलो, तेव्हा कुठं एमआरआय झाला.

तुम्ही ही चूक करू नका. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. ‘कट्’ आवाज आणि काही तासांतच टम्म सुजलेला गुडघा असं दोन्ही असेल, तर आत रक्त साचलंय आणि काहीतरी फाटलंय असंच धरून चालायचं. चांगला अस्थिरोगतज्ज्ञ गुडघा किंचित वाकवून नडगी हातानं पुढं ओढून बघतो. तिला लॅकमन चाचणी म्हणतात, ती मिनिटभरात होते आणि पुष्कळ काही सांगून जाते. हाडवैद्याकडून चोळून घेऊ नका. सुजलेल्या सांध्याला मालिश म्हणजे आगीत तेल.

नेमकं काय तुटलंय

मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत एकमेकांवर फुली मारल्यासारख्या दोन दोऱ्या बांधून ठेवतात. त्यातली पुढची दोरी म्हणजे एसीएल. लांबी जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर. नडगीला पुढं सरकू न देणं आणि पायाला पीळ बसू न देणं हे तिचं काम. म्हणूनच ती तुटली तरी सरळ रस्त्यावर माणूस मजेत चालतो आणि वळताना दगा खातो.

ही दोरी सांध्यातल्या पाण्यात असते. सांध्याबाहेरचं लिगामेंट फाटलं तर रक्ताची गुठळी जमते आणि त्यावर नवी वीण धरते. इथं ती गुठळी टिकत नाही, टोकं सुटी राहतात. नुसती शिवून काम भागत नाही ते यामुळेच. म्हणून दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये शरीरातलीच दुसरी शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, म्हणजे टेंडन) काढून, हाडांना बोगदे पाडून, ती तिथं नवी दोरी म्हणून बसवतात.

ऑपरेशन करायचंच का?

हा प्रश्न डॉक्टरांना न लाजता विचारा. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं ऑपरेशन लगेच केलं, उरलेल्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी पाहिलं, तर व्यायामाच्या गटातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना ऑपरेशन लागलंच नव्हतं. उलट ब्रिटनमधल्या ३१६ रुग्णांच्या २०२२ च्या अभ्यासात, ज्यांचा गुडघा जुन्या दुखापतीमुळे सारखा सटकत होता, त्यांना ऑपरेशनचाच जास्त फायदा झाला.

दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की माझ्या डोक्यात हिशेब असा बसतो. दुखापत ताजी असेल, काम बैठं असेल, वळण्या-उड्यांचा खेळ सोडायची तयारी असेल, तर तीन महिने मन लावून व्यायाम करून बघायला हरकत नाही. जिन्यात, बसमधून उतरताना, मोरीत गुडघा सटकत असेल, तर वाट बघण्यात नुकसान आहे, कारण प्रत्येक सटकण्याबरोबर आतली गादी चिरडली जाते. कबड्डी, कुस्ती, फुटबॉल पुन्हा खेळायचं असेल, तरी बहुतेक सर्जन ऑपरेशनच सुचवतील. आणि गुडघा अडकून बसला असेल, काही केल्या सरळ होत नसेल, तर फाटलेली गादी मध्ये अडकलेली असू शकते. मग आठवडेच्या आठवडे घालवू नका.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा आमच्या फिजिओकडे यायचा. १६०० मीटर धावण्याची चाचणी तोंडावर म्हणून त्यानं दुखापत घरीही सांगितली नव्हती, पट्टा बांधून धावत होता. एमआरआयमध्ये एसीएलबरोबर दोन्ही गाद्या फाटलेल्या निघाल्या. त्याचं वर्ष गेलं ते वेगळंच.

शीर कुठली घ्यायची

हे ठरवतो सर्जन, पण का ठरवलं ते तुम्हाला माहीत हवं. आपल्याकडे बहुतेक वेळा मांडीच्या मागची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची शीर घेतात. जखम लहान असते, पुढं गुडघा टेकताना त्रास कमी होतो. बदल्यात काही महिने मागच्या स्नायूची ताकद कमी पडते. दुसरी निवड वाटीखालच्या जाड पट्ट्याची. तो दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसह घेतात. हाडाला हाड लवकर जुळतं, म्हणून खेळाडूंसाठी तो पसंत करतात, पण नंतर गुडघा टेकून बसताना बोचतं. फरशी बसवणारे, गॅरेजवाले, नमाज पढणारे, जमिनीवर बसून पूजा सांगणारे, यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावं. हल्ली वाटीच्या वरचा पट्टाही घेतात, आणि भारतात काही सर्जन घोट्याजवळची पेरोनियस लाँगस नावाची शीर वापरतात.

नवं काय आलंय

गेल्या काही वर्षांत सगळ्यात कामाची भर पडलीय ती दिसायला साधी आहे. नवी दोरी बसवतानाच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं आणखी एक पट्टा ताणून बसवायचा, म्हणजे पीळ बसताना नव्या दोरीवरचा भार वाटला जातो. २०२० साली ६१८ तरुण रुग्णांवरचा अभ्यास आला. नुसत्या हॅमस्ट्रिंगच्या दोरीत दोन वर्षांत ११ टक्के दोऱ्या पुन्हा तुटल्या होत्या, जादा पट्टा बसवलेल्यांत ४ टक्के. तुम्ही पंचविशीच्या आतले असाल आणि वळण्याचा खेळ खेळत असाल, तर “तो बाहेरचा पट्टा मला लागेल का?” हे विचाराच.

दुसरी दिशा म्हणजे तुटलेली दोरी काढून न टाकता तिलाच भरून यायला मदत करायची. अमेरिकेत बोस्टनला मार्था मरे या सर्जन संशोधिकेनं गुरांच्या कोलॅजेनपासून एक स्पंज बनवला. तुटलेल्या दोन टोकांमध्ये तो ठेवायचा, रुग्णाच्याच रक्तात भिजवायचा. सांध्यातल्या पाण्यात जी गुठळी टिकत नाही, तिला या स्पंजचा आसरा मिळतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला मान्यता दिली. अट अशी की दुखापतीपासून ५० दिवसांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं आणि नडगीकडचा बुंधा शाबूत हवा.

तिसरं ऑस्ट्रेलियातलं. ऑपरेशनच नाही, ताज्या दुखापतीत गुडघा ब्रेसमध्ये चार आठवडे ९० अंशांत वाकवून ठेवायचा, म्हणजे तुटलेली टोकं जवळ येतात, आणि मग बाराव्या आठवड्यापर्यंत थोडा थोडा मोकळा करायचा. २०२३ च्या त्यांच्या पहिल्या अहवालातल्या ८० रुग्णांपैकी ९० टक्क्यांच्या तीन महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये दोरी भरून येण्याची चिन्हं दिसली. ऐकायला गोड आहे. पण पाय इतके दिवस वाकवून ठेवला की पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि एमआरआयमध्ये जोडलेली दिसणारी दोरी मैदानावर किती वर्षं टिकते हे कळायला अभ्यास अजून लहान आहे. यूट्यूबवर बघून घरी करायची ही गोष्ट नाही.

आणि ‘स्टेमसेलचं इंजेक्शन घ्या, ऑपरेशन टळेल’ अशी जाहिरात दिसली, तर पाकीट खिशातच ठेवा. पूर्ण तुटलेली दोरी इंजेक्शननं जोडली जात नाही.

ऑपरेशनआधी

घाई करून सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं, तर तो तसाच आखडलेला राहण्याची भीती असते. म्हणून आधी तीन-चार आठवडे व्यायाम. सूज उतरली पाहिजे, गुडघा दुसऱ्या पायाइतका सरळ झाला पाहिजे, मांडीचा पुढचा स्नायू आवळता आला पाहिजे, न लंगडता चालता आलं पाहिजे. अडकलेल्या गुडघ्याचं मात्र वेगळं, तिथं डॉक्टर लवकर उघडून बघतात. तंबाखू-सिगारेट सोडायचीही हीच वेळ, जखम भरायला ती आडवी येते.

डॉक्टरांना एका कागदावर लिहून विचारा : कुठली शीर घेणार, गादी शिवणार की कापणार, वजन कधी टाकायचं, ब्रेस किती दिवस, फिजिओ कोण आणि पहिल्या दिवसापासून का. गादीचं उत्तर बहुतेकदा “आत गेल्यावर कळेल” असं येतं, आणि ते खरं असतं.

पैशाचं. विमा असेल तर कॅशलेसची पूर्वमंजुरी आधीच घ्या. खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का, स्क्रू आणि बटणासारखं इम्प्लांट पूर्ण धरलंय का, ते लेखी विचारा. सरकारी योजनेत बसतं का, हे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. सगळे ऑपरेशनच्या बिलापाशी थांबतात आणि नंतरच्या सहा-नऊ महिन्यांच्या फिजिओचा खर्च धरतच नाहीत. मग तिसऱ्या महिन्यात “आता बरं वाटतंय” म्हणून फिजिओ बंद पडतो. माझं मत विचाराल, तर हॉस्पिटलात खोली साधी घ्या आणि ते पैसे फिजिओसाठी ठेवा.

घरात : कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते, ती आणा. आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची. मोरीतली शेवाळी फरशी घासून घ्या, पायपुसणी उचलून ठेवा. फ्रीजरमध्ये बर्फ.

पहिले पंधरा दिवस

ऑपरेशन साधारण तास-दीड तासाचं. बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन कंबरेखाली भूल देतात, एक-दोन दिवसांत घरी सोडतात. भूल उतरली की पहिला धक्का दुखण्याचा नसतो. तुम्ही पायाला सांगता, ‘मांडी आवळ’, आणि मांडी ढिम्म हलत नाही. स्नायू तिथंच असतो, पण सुजलेल्या सांध्याकडून मेंदूला असे संदेश जातात की मेंदू त्या स्नायूची तारच तोडून टाकतो. मला वाटलं लकवा मारला. फिजिओबाई म्हणाल्या, “घाबरू नका, फ्यूज उडालाय, जळालेलं काही नाही.”

आता माझ्या घरातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी आईनं गुडघ्याखाली मऊ उशी सारली. काय बरं वाटलं म्हणून सांगू! गुडघा किंचित वाकला की आतली जागा मोकळी होते, दुखणं लगेच कमी होतं. संध्याकाळी फिजिओबाई आल्या, उशी पाहिली आणि काही न बोलता काढून आईच्या हातात दिली. मग टॉवेलची गुंडाळी करून माझ्या टाचेखाली ठेवली. गुडघा अधांतरी. आपल्याच वजनानं तो खाली जाऊ लागला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “काकू, उशी टाचेखाली. गुडघ्याखाली ठेवलीत तर तुमचा मुलगा बगळ्यासारखा चालेल.” त्या दिवसापासून आई पहारेकरी झाली.

या पंधरवड्यातलं मुख्य काम हेच. टाचेखाली गुंडाळी, दहा-दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. घरच्या घरी तपासायचं असेल तर पाय लांब करून सपाट गादीवर बसा आणि गुडघ्याच्या मागून हात सरकवून बघा. चांगल्या पायाखाली जेवढी फट आहे, तेवढीच हवी. जास्त असेल तर काम बाकी आहे. दिवसाकाठी फट कमी व्हायला हवी. कितीही जोर लावला तरी पुढं जाणारच नाही असा ‘ठक्’ अडथळा काही आठवड्यांनीही राहिला, तर सर्जनला सांगा. दोरीपुढं जखमेच्या पेशींचा गोळा होऊन अडकतो, तो दुर्बिणीनं काढावा लागू शकतो.

बाकीचं भराभर सांगतो. पावलं वर-खाली करत राहायचं, दर तासाला, पोटरीत रक्त साचू नये म्हणून. मांडी आवळून पाच मोजायचे आणि सोडायचे, दिवसभरात शंभरेक वेळा. पाय सरळ ठेवून उचलायचा, पण गुडघा न वाकता उचलता येऊ लागला की मगच. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, नुसता कातडीवर नाही. पाय छातीच्या वर राहील असा उंचावर. वॉकर किंवा कुबड्या घेऊन, सांगितलं असेल तेवढंच वजन टाकत चालायचं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मी हे “वर जाताना चांगला, खाली येताना वांगला” असं पाठ केलं होतं. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात, तोवर जखम कोरडी.

नडगीच्या बाजूला हाताएवढा चट्टा बधिर लागेल. शीर काढताना कातडीची बारीक नस दुखावते. बरेचदा तो आक्रसत जातो, थोडा कायमही राहतो. त्यानं काही अडत नाही.

डॉक्टरांना ताबडतोब फोन कधी? पोटरी कडक होऊन दुखू लागली, दम लागला किंवा छातीत दुखलं, ताप आला, जखमेतून पाणी-पू येऊ लागला, गुडघा लालबुंद गरम झाला, तर. दम आणि छातीत दुखणं असेल तर फोनही नको, थेट हॉस्पिटल.

वॉकर सुटेपर्यंत

दोन ते सहा आठवड्यांतलं ध्येय एक : न लंगडता चालणं. कुबडी लवकर टाकायची शर्यत लावू नका. लंगडत मोकळं चालण्यापेक्षा कुबडी घेऊन सरळ चालणं कधीही बरं, कारण लंगडण्याचीही सवय लागते. टाच आधी टेकवायची, गुडघा सरळ करायचा, मग पाऊल टाकायचं. मी घरातल्या कपाटाच्या आरशासमोर खेपा घालायचो.

वाकवणं या काळात हळूहळू येतं. साधारण ११०-१२० अंश झाले की व्यायामाची सायकल फिरते, आणि पहिला पूर्ण फेरा फिरला तो दिवस साजरा करण्यासारखा असतो. गादी शिवली असेल तर सर्जन काही आठवडे ९० अंशांच्या पुढं वाकवू देत नाहीत, कधी वजनही टाकू देत नाहीत. तेव्हा शेजारच्या पेशंटशी तुलना नको. हॅमस्ट्रिंगची शीर घेतली असेल, तर सुरुवातीचे दीड-दोन महिने टाच जोरानं मागं ओढायचे व्यायाम नकोत, ती जागा भरतेय.

ऑफिस बैठं असेल तर दोन-तीन आठवड्यांत जमतं, फक्त टेबलाखाली पाय लांब ठेवायला स्टूल हवं. गाडी चालवणं उजव्या पायाचं ऑपरेशन असेल तर साधारण सहा आठवड्यांनी. दुचाकीचं मी वेगळं धरतो. गाडी कलली की तो पाय झटकन टेकवून तुम्ही पूर्ण वजन पेलू शकता का? मी अडीच महिने थांबलो, आणि खड्ड्यांचा रस्ता बघता बरोबरच केलं असं वाटतं.

फसवा काळ

दीड महिना ते तीन महिने. दुखत नाही, सूज नाही, चाल सरळ. घरचे म्हणतात, “झाला की बरा!” आणि आतली दोरी मात्र याच सुमारास सगळ्यात कच्ची असते.

जिथून काढली तिथला रक्तपुरवठा तुटलेली ती शीर सुरुवातीला निर्जीव दोरीसारखीच असते. मग शरीर तिच्यात नव्या रक्तवाहिन्या घालतं, जुनं मोडून नवं बांधायला घेतं. घराची दुरुस्ती काढली की आधी भिंती पाडतात, तेव्हा घर आधीपेक्षा कमकुवत असतं, तसंच हे. पक्कं बांधकाम व्हायला वर्ष, काहींना दोनही लागतात. म्हणून या काळात घसरणं, पळत बस पकडणं, वरातीत नाचणं, गणपतीच्या मिरवणुकीत ढोल बांधून उभं राहणं, सगळं बंद. व्यायाम मात्र वाढवायचा. अर्धी बैठक, पायरीवर चढ-उतार, एका पायावर तोल, पाठीवर झोपून कंबर उचलणं.

एके काळी या ऑपरेशननंतर कित्येक आठवडे पाय प्लास्टरमध्ये ठेवत. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या डोनाल्ड शेलबर्न या सर्जनच्या लक्षात आलं, की सांगितलेलं न ऐकता आधीच पाय हलवणारे, चालणारे पेशंटच जास्त चांगले बरे होतायत. १९९० साली त्यांनी लवकर हालचालीची पद्धत मांडली आणि जगभरचा फिजिओ बदलला. ही गोष्ट मी आमच्या फिजिओबाईंना मोठ्या उत्साहात सांगितली. त्या म्हणाल्या, “ते पेशंट गुडघा सरळ करत होते. वरातीत नाचत नव्हते.”

ताकद

तिसऱ्या ते सहाव्या महिन्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही आणि करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. कंटाळवाणा काळ. बाई दर पंधरा दिवसांनी वाटीच्या वर दहा सेंटीमीटरवर टेप लावून मांडीचा घेर मोजायच्या. चौथ्या महिन्यात माझी डावी मांडी उजवीपेक्षा तीन सेंटीमीटरनं कमी होती. नुसतं चालून, योगासनं करून ती भरत नाही, वजन लावावंच लागतं : लेग प्रेस, एका पायाची बैठक, पुढं गुडघा उघडण्याचं मशीन. मशीनवर किती अंशांपर्यंत आणि कधीपासून, हे फिजिओलाच ठरवू द्या. हल्ली मांडीच्या वर पट्टा फुगवून रक्त थोडं अडवतात आणि हलक्या वजनानं व्यायाम घेतात. सांध्यावर भार न टाकता स्नायू वाढवायची ही युक्ती सुरुवातीच्या महिन्यांत उपयोगी पडते, मात्र पट्ट्याचा दाब मोजणारं यंत्र आणि शिकलेला फिजिओ हवा. जिममध्ये दोरीनं मांडी बांधून नाही.

खाण्यात प्रथिनं वाढवा. अंडी-मासे खात असाल तर प्रश्न नाही, नाहीतर डाळी, दही, पनीर, सोयाबीन, मोडाची उसळ. नुसत्या वरणाच्या पाण्यावर मांडी भरत नाही.

धावणं साधारण तीन-चार महिन्यांनंतर, पण कॅलेंडर बघून नाही. सूज नसावी, गुडघा पूर्ण सरळ असावा, दुखऱ्या मांडीची ताकद चांगल्याच्या निदान ७० टक्के असावी. पहिल्यांदा एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला, तर कालचं जास्त झालं. गुडघा स्वतःच हिशेब सांगतो.

मांडी घालणं आणि उकिडवं बसणं हा आपल्याकडचा जिव्हाळ्याचा प्रश्न. मांडी बऱ्याच जणांना चार ते सहा महिन्यांत येते, उकिडवं त्यानंतर, गादी शिवलेल्यांना आणखी उशिरा. जोर लावून बसवू नका. मला देवघरापुढं मांडी घालता आली तोवर सातवा महिना उजाडला होता, आणि वज्रासन अजूनही पूर्ण जमत नाही. त्याचं मला काही वाटत नाही.

परत मैदानात

ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन मुंबईत, जानेवारी २०२३ मध्ये. आयपीएलमध्ये तो उतरला २३ मार्च २०२४ ला. त्याच्या गुडघ्यातलं नुकसान तुमच्या-आमच्यापेक्षा मोठं होतं हे खरं, पण दिवसभर फिजिओ हाताशी असलेला माणूस इतके महिने थांबतो, तर रविवारचा फलंदाज सहाव्या महिन्यात टर्फ बुक करतो ते कशाच्या जोरावर?

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या एका अभ्यासात, २०१६ साली, असं दिसलं की खेळात परतणं जितकं लांबवलं, तितका धोका उतरत गेला. नऊ महिन्यांपर्यंतच्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यानं घटलं. नऊ महिन्यांनंतर थांबण्याचा तसा जादा फायदा दिसला नाही. म्हणून नऊ महिने ही किमान रेषा, आणि त्यानंतरही चाचण्या. पंचविशीच्या आतल्यांनी तर जास्तच सांभाळावं. खेळात परतलेल्या या वयातल्या जवळजवळ चारांतल्या एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, कधी त्याच पायाला, कधी चांगल्या पायाला.

चाचण्या म्हणजे काय? दोन्ही मांड्यांची ताकद यंत्रावर मोजतात. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, आडव्या-तिडव्या तीन उड्या, सहा मीटर लंगडीच्या चालीनं वेळ लावून. दुखरा पाय चांगल्याच्या निदान ९० टक्के यायला हवा. उडी मारून पडताना गुडघा आत वळतो का, हेही बघतात. आणि एक प्रश्नावली असते, मनाची : पुन्हा दुखापत होईल ही भीती किती वाटते? तिला हसू नका. पाय तयार आणि मन तयार नाही असे खेळाडू मी पाहिलेत, ते वळताना आखडतात आणि पडतात.

नवव्या महिन्यात बाईंनी फरशीवर चिकटपट्टी लावली. उजव्या पायानं मी १४२ सेंटीमीटर उडी मारली, डाव्यानं ११९. मोबाइलवर भागाकार करायची गरजच नव्हती, त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. “८४ टक्के. आणखी सहा आठवडे एका पायाची बैठक, मग या.” अकराव्या महिन्यात डावा १३३ वर पडला, उजवा १४३. टर्फवाल्याला फोन करायच्या आधी मी दुकानात जाऊन लांब खिळ्यांचे बूट बदलून आखूड रबरी बुडाचे घेतले. पहिल्या रविवारी यष्टीमागं उभा राहिलो, धावायला लावू नका म्हणून सांगून. घरी आल्यावर आईनं विचारलं, “वाकतो का रे नीट?” आणि मग स्वतःच जीभ चावून, गुडघ्याच्या मागून हात सरकवून पाहिला.